बाईमावशींचा आठवडा

बाईमावशींना बसून जेवताना मी कधी पाहिलं नाही. ताटली खिडकीच्या फळीवर ठेवलेली, कडेवर कृपा, आणि उभ्याउभ्याच भात कालवणं चाललेलं. एक घास कृपाच्या तोंडात, एक स्वतःच्या. पुढचा उचलेपर्यंत दारात कुणाची तरी हाक आलेलीच असे. माझी आई म्हणायची, "बाई, जरा बसान जेवा. उभ्यान खाल्लेला अंगाक लागना नाय." त्यावर त्या हसून म्हणत, "वहिनी, मी बसले की नेमकी सगळ्यांना माझी आठवण होते."

त्या म्युनिसिपालिटीच्या शाळेत शिकवत, म्हणून चाळीतली मोठी माणसं त्यांना बाई म्हणत. आम्हा पोरांना शेजारणीला मावशी म्हणायची सवय. दोन्ही मिळून त्यांची बाईमावशी झाली. खरं नाव मार्था. मूळच्या नगरकडच्या ख्रिस्ती. यजमान रेल्वेच्या वर्कशॉपात होते, ते कृपा पोटात असतानाच गेले. मागे बाईमावशी, थोरला दया आणि ही तान्ही. लालबागच्या आमच्या चाळीत त्यांची खोली आमच्या खोलीला लागूनच. मधे लाकडी फळ्यांचं पार्टिशन. त्यांच्याकडे दूध उतू गेलं तर आमच्याकडे आई "अगो, स्टोव्ह!" म्हणून ओरडायची.

गिरणीच्या भिंतीमागे त्यांचं कौलारू चर्च होतं. त्यांची माणसं त्याला देऊळच म्हणत. तिथल्या मंडळीत बहुतेक गिरणीतली, रेल्वेतली, इस्पितळात आयाचं काम करणारी माणसं. पाळकसाहेब गिरगावात राहत आणि रविवारी उपासनेपुरते येत. उरलेलं देऊळ बाईमावशींच्या पदराला बांधलेलं असे, म्हणजे अक्षरशः, कारण किल्ली तिथंच असे. शनिवारी शाळा सुटली की त्या देवळात जाऊन बाकं पुसत, फुलं ठेवत. रविवारी सकाळी मुलांना गोष्टी सांगत, मग उपासनेला पेटी वाजवत. मधल्या वारांत बायकांची प्रार्थना असे, कुणाचं बाळंतपण असे, कुणाचा दारुडा नवरा असे. आणि या सगळ्यात दयाचा खोकला, कृपाचा कान, दयाचं गालगुंड, कृपाचे दात. एक पोर बरं झालं की दुसरं आजारी पडे. "माझ्याकडे दोघं पाळी लावून आजारी पडतात," त्या म्हणत. "एकदम पडतील तर आई एका आठवड्यात मोकळी होईल, एवढी अक्कल नाही मेल्यांना."

शनिवारी कधीकधी मी आणि दया त्यांच्याबरोबर देवळात जात असू. दया माझ्याहून थोडा लहान, पण तिथं गेला की यजमानासारखा वागायचा. मला बाकावर बसवायचा, पेटीचा भाता कसा हलवायचा ते दाखवायचा, आणि आई लांब गेली की पाळकसाहेबांसारखे हात पसरून आशीर्वाद द्यायचा. बाईमावशींनी एकदा ते पाहिलं. रागावतील असं वाटलं. त्या म्हणाल्या, "हात इतके पसरू नकोस. पाळकसाहेबांचा उजवा खांदा दुखतो, तो वर जात नाही."

एका रविवारची गोष्ट चाळीत सगळ्यांना ठाऊक होती. कृपा तापलेली, म्हणून तिला शेजारी चादरीवर निजवून बाईमावशी पेटी वाजवत होत्या. गायन निम्म्यावर आलं आणि पोरगी कण्हली. बाईमावशींनी तिच्या कपाळाला हात लावला, पेटी मिटली, तिला उचललं आणि सरळ घरी आल्या. मंडळी मधेच सूर सुटून उभी. संध्याकाळी पाळकसाहेब घरी आले, हळूच म्हणाले, "मार्थाबाई, गायन तरी संपवायचं होतं." त्यांना चहा देत त्या म्हणाल्या, "पाळकसाहेब, देवाला थांब म्हटलं तर तो थांबतो. ताप थांबत नाही." पाळकसाहेब चहा पिऊन गेले. पण आमच्या आईनं ते पार्टिशनपलीकडून ऐकलं आणि कायमचं उचललं. पुढं गणपतीच्या आरतीच्या वेळी कुणाचं पोर तापलं की ती म्हणायची, "जा घराक. बाईंनी सांगल्यानी हा, देव थांबता."

ती संयुक्त महाराष्ट्राची वर्षं होती. चाळीच्या पटांगणात रोज सभा, गॅलरीतून घोषणा. माझे वडील गिरणीत विणकर आणि मोर्च्यांत सगळ्यांच्या पुढे. चाळीतल्या एका उत्साही माणसानं एकदा नळावर बाईमावशींना विचारलं, "तुम्ही ख्रिस्ती लोक नक्की कुणाच्या बाजूचे?" त्यांनी आधी कळशी भरू दिली. मग ती कमरेवर घेऊन म्हणाल्या, "पोरांना पाढे मराठीत शिकवते. देवाशी भांडते तेही मराठीतच. आणखी कुठली बाजू असते, ते तुम्ही सांगा." तो माणूस दुसऱ्या दिवसापासून त्यांची कळशी आधी लावू लागला.

मग त्या हिवाळ्यातला तो आठवडा आला. गावभर दगडफेक, गोळीबार, कर्फ्यू. ट्रामा-बसेस बंद, शाळा बंद. पाळकसाहेब पुतणीच्या लग्नाला नगरकडे गेले होते, ते तिकडेच अडकले. मंडळीतले जबाबदार पुरुष भायखळ्याला, गिरगावात राहणारे; त्यांना लालबाग दिसणं शक्य नव्हतं. रविवारी चाळीच्या आसपासची चार घरं जमली, बाईमावशींनीच प्रार्थना केली. त्या दिवशीच गाताना दयाचा आवाज बसलेला होता.

सोमवारी त्याला ताप भरला. घसा दुखतो म्हणाला. नाक्यावरच्या डॉक्टरांच्या दवाखान्याची फळी लावलेली. बाईमावशींनी मिठाच्या गुळण्या दिल्या, गळ्याभोवती लोकरीचा पट्टा गुंडाळला आणि दिवसभर त्याच्यापाशी बसून राहिल्या. त्या दिवसभर घरात आहेत हेच आम्हाला इतकं नवीन होतं, की मी दोनतीनदा उगाच डोकावून आले. दया मला म्हणाला, "आज शाळा नाही, देऊळ नाही. आज आई माझी आहे." बोलताना त्याचा आवाज घोगरा येत होता, म्हणून आम्ही दोघंही हसलो.

मंगळवारी दुपारी कर्फ्यू थोडा वेळ उठवला होता. तेवढ्यात नायगावच्या बीडीडी चाळीतून रत्नाबाईंचा मुलगा धावत आला. रत्नाबाई मंडळीतली सगळ्यात म्हातारी बाई. बाईमावशींचे यजमान गेले तेव्हा, कृपाच्या बाळंतपणात, हीच म्हातारी त्यांच्या घरी येऊन राहिली होती. मुलगा दारातच उभा राहून म्हणाला, "बाई, आईचं आता काही खरं नाही. सकाळपासून तुमचंच नाव घेतेय. पाळकसाहेब नाहीत. कुणी शास्त्र वाचायला नाही. ती अशीच गेली तर..."

बाईमावशींनी दयाच्या कपाळाला हात लावला. ताप उतरल्यासारखा वाटत होता. पोरगं ग्लानीत होतं, पण झोप लागली असं कुणालाही वाटलं असतं. आई त्यांच्या पाठीशी येऊन उभी राहिली.

"तुमी जावा, बाई. पोरांका मी बघतंय."

"वहिनी, मीच म्हणते ना, तापाला थांब म्हणता येत नाही."

"मग जाव नका."

"पण मरणाला तरी कुठं म्हणता येतं?" त्या म्हणाल्या. मग त्यांनी बायबल घेतलं, डोक्यावरून पदर घेतला आणि कृपाचा मुका घेऊन निघाल्या. दयाचा नाही घेतला, तो जागा होईल म्हणून.

नायगाव काही लांब नव्हे. त्या पोचल्या, वाचलं, प्रार्थना केली, आणि म्हातारी त्यांचा हात धरूनच गेली. पण परतताना रस्त्यावर पुन्हा दगड सुरू झाले. पोलिसांनी लाठ्या चालवल्या, कर्फ्यू वेळेआधीच लागला, आणि जो जिथं होता तो तिथल्या दारात कोंबला गेला. बाईमावशी कुठल्याशा अनोळखी जिन्याखाली बसून राहिल्या. दिवेलागणीला गल्लीबोळांतून, भिंतीला धरून घरी आल्या.

आल्या त्या सरळ दयापाशी गेल्या. त्याचा श्वास लागत होता. दर श्वासाला फाटकं कापड ओढावं तसा आवाज. त्यांनी त्याला उजेडाकडे वळवलं, चमच्याच्या दांड्यानं जीभ दाबली आणि घशात पाहिलं. आत पांढुरका पडदा धरला होता. शाळेतल्या साथीच्या रोगांच्या तक्त्यावर त्यांनी ते चित्र कितीदा मुलांना दाखवलं असेल.

"घटसर्प," त्या म्हणाल्या. एवढंच.

पुढचं मी गॅलरीच्या कठड्यावरून पाहिलं, आणि त्यापुढचं वडिलांनी सांगितलं. वडिलांनी भाजीवाल्याची हातगाडी ओढून आणली. तिच्यावर गोधडी घातली, दया आणि कृपा दोघांना निजवलं, कारण कृपाचंही अंग कोमट लागत होतं. वरच्या मजल्यावरचे दोघे जण मदतीला आले. बाईमावशी गाडीच्या कडेनं, एक हात दयाच्या छातीवर ठेवून चालू लागल्या. चिंचपोकळीच्या पुलाच्या तोंडाशी हवालदारानं अडवलं.

"कुठं निघालाय? कर्फ्यू हाय, कळत न्हाई?"

वडील सकाळपासून पोलिसांवर संतापलेले. ते काही बोलणार, तोच बाईमावशी म्हणाल्या, "दादा, ऐका."

त्यांना काही सांगायचं असेल असं वाटून हवालदार थांबला. त्या काहीच बोलल्या नाहीत. मग त्या शांततेत त्याला दयाचा श्वास ऐकू आला. वडील म्हणत, त्या माणसाचा चेहराच उतरला. काठी वर धरून तो गाडीच्या पुढे चालू लागला. वाटेत ज्यानं ज्यानं हटकलं त्याला "जाऊ द्या, जाऊ द्या" करत त्यानं थेट साथीच्या रोगांच्या इस्पितळाच्या फाटकापर्यंत पोचवलं आणि आल्यासारखाच निघून गेला.

दयाला सुई दिली, घशाला नळी घातली. कृपालाही सुई दिली. तिला नुसती सुरुवात होती. पोरांच्या आईलाही आत राहायची परवानगी नव्हती. बाईमावशी फाटकाबाहेरच्या कट्ट्यावर बसून राहिल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी एक तरुण डॉक्टर बाहेर आला. पोर गेल्याचं आईला सांगायची कामं त्याला अजून सरावाची झाली नव्हती. बाईमावशींनी त्याला विचारलं, "कालच्या दुपारी आणला असता तर?" तो म्हणाला, "उशीर झाला असं मी म्हणत नाही. नाही झाला असंही मला म्हणता येत नाही."

पाळकसाहेबांना तार केली, पण ती पोचली तरी ते येणार कसे? त्यामुळे शिवडीच्या दफनभूमीत दयाला माती देताना शास्त्र वाचायला कुणी नव्हतं. पोलिसांनी बाईमावशींखेरीज चार माणसांना परवानगी दिली होती. वडील, ते वरच्या मजल्यावरचे दोघे, आणि चौथी आमची आई. आमच्या घरातली बाई कधी मसणवटीत गेली नव्हती. वडिलांनी तिला तसं म्हणताच ती उसळून म्हणाली, "थय ती एकटी बाई उभी रवतली काय, तीन पुरुषांत? मी जातलंय." आणि गेली.

आईनं ते मला नंतर सांगितलं, आयुष्यात एकदाच. बाईमावशींनी उपासनेचं पुस्तक उघडलं आणि स्वतःच वाचायला लागल्या. वर्गात मुलांना शुद्धलेखन घालावं तसं, स्पष्ट, स्वल्पविरामाला थांबून. पुस्तकात एके जागी 'आमचा हा बंधू' असं छापलेलं होतं. त्या तेवढं वाचून थांबल्या. मान वर करून त्यांनी खड्ड्याशी ठेवलेल्या त्या लहानशा पेटीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "माझा हा मुलगा." आणि पुढं वाचू लागल्या. माझे वडील देव न मानणारे. पण त्या थांबतील तिथं तिथं ते "आमेन" म्हणत होते, नको तिथंसुद्धा. आई म्हणाली, "त्येंका वाटला, कोणी तरी तिका साथ देवक व्हयी."

तिथून बाईमावशी घरी आल्या नाहीत. कृपासाठी पुन्हा फाटकाशी जाऊन बसल्या. रविवारी देवळापाशी लोक जमले, आणि किल्ली त्यांच्या पदराला. एक जण किल्ली मागायला इस्पितळात गेला. संकोचून म्हणाला, "बाई, तुम्ही आलात तर... पेटीला कुणी नाही." त्यांनी गाठ सोडून किल्ली त्याच्या हातावर ठेवली. "आज तुमचं तुम्ही गा," त्या म्हणाल्या. "मी इथून हलणार नाही." जमावबंदी होती, चौघंपाच जण एकत्र दिसले तरी पोलीस हाकलत. म्हणून उपासना झाल्यावर मंडळीतली माणसं दोन दोन करून इस्पितळाकडे आली. दोघं येत, कट्ट्यावर त्यांच्याशेजारी बसत, उठून जात, मग पुढची दोघं. दुपारपर्यंत चाललं होतं ते.

कृपा वाचली. आगगाडी सुरू झाल्यावर पाळकसाहेब आले ते तडक चाळीत. बिचारे स्वतःच थकून गेले होते. त्यांनी प्रार्थना केली आणि शेवटी म्हणाले, "मार्थाबाई, देवाची इच्छा." बाईमावशी अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "पाळकसाहेब, एवढं वाक्य माझ्या घरात ठेवून जाऊ नका. जाताना बरोबर न्या." पाळकसाहेब तिथंच बसून लहान मुलासारखे रडले, आणि बाईमावशींनीच त्यांना पाणी दिलं.

काही महिन्यांनी चाळीच्या तोंडाशी आंदोलनात गेलेल्यांच्या नावांचा फलक लावायचं ठरलं. कार्यकर्ते बाईमावशींकडे आले. कर्फ्यूमुळेच पोराला वेळेवर नेता आलं नाही, तेव्हा दयाचंही नाव त्यात असावं, असं त्यांना मनापासून वाटत होतं. त्यांच्यात माझे वडीलही होते. बाईमावशी कृपाची वेणी घालत होत्या. म्हणाल्या, "नको, भाऊ. त्याला घटसर्पानं नेलं. ज्यांना गोळी लागली, त्यांचं मरण त्यांच्या आयांकडे राहू द्या. माझ्याकडे माझं आहे." वडील घरी आले आणि त्या दिवशी जेवले नाहीत.

त्यानंतर त्या पुन्हा शाळेत जाऊ लागल्या, देवळातही. फुलं, बाकं, मुलांच्या गोष्टी, कुणाची बाळंतपणं, सगळं पुन्हा सुरू झालं. फरक एवढाच, की कृपा कुठंही त्यांच्याबरोबर असे. वर्गात शेवटच्या बाकावर, देवळात पेटीशेजारी, आजाऱ्याच्या उशाशी बसल्या तर दाराबाहेर. आई कधी म्हणाली, "पोरीक ठेवा माझ्याकडे," तर त्या तिचा दंड दाबून म्हणत, "तुमच्यावर भरवसा नाही म्हणून नव्हे हो, वहिनी." आईला ते ठाऊक होतं. तरी त्या गेल्यावर ती डोळे पुसायची.

महाराष्ट्र झाला. चाळीवर माळा लागल्या, मिठाई वाटली गेली, रात्रभर ढोल वाजले. बाईमावशींनी कृपाला नवा परकर-पोलका घालून पटांगणात आणलं, सगळ्यांबरोबर पेढा खाल्ला. त्याच उन्हाळ्यात त्यांना नगरकडच्या मुलींच्या वसतिगृहात काम मिळालं. निघायच्या दिवशी टॅक्सी चाळीच्या तोंडाशी उभी होती. वडील ट्रंक चढवत होते. आईनं कोकमाची बरणी फडक्यात बांधून दिली. बाईमावशी दोन पावलं गेल्या आणि परत फिरल्या.

"वहिनी, एक विचारायचं राहिलंय. त्या मंगळवारी, मी नायगावला असताना, दया उठला होता का?"

हा प्रश्न कधीतरी येणार म्हणून आईनं उत्तर केव्हाच घडी घालून ठेवलं होतं. 'झोपलेलो तो. शांत झोपलेलो.' शेजारपाजारच्या सगळ्यांना तिनं हेच सांगितलं होतं. आताही तिनं तोंड उघडलं. पण बाईमावशी समोर उभ्या होत्या, आणि ते उत्तर तिच्या तोंडातून बाहेर येईना.

"उठलेलो," ती म्हणाली. "तुमका हाक मारल्यान."

"किती वेळा?"

"मारीतच रवलो. मी म्हटलंय, येतली हा आई, आता येतली. माझो हात धरून ठेवल्यान."

"रडला का?"

"रडलो." आईचा आवाज फुटला. "माफ करा माका बाई. माझ्यान खोटा बोलवत नाय."

वडील ट्रंकेपाशी तसेच उभे. मला वाटलं, आता बाईमावशी कोसळतील. पण त्यांनी आईचे दोन्ही हात हातात घेतले.

"बरं झालं सांगितलंत," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं तो माझ्या मनात नुसता गप्प पडलेला असायचा. कितीही आठवलं तरी त्याचा आवाज येत नव्हता. आज आला."

त्या कृपाला घेऊन टॅक्सीत बसल्या. गाडी हलली. कृपा मागच्या काचेतून हात हलवत होती. बाईमावशींनी मागं वळून पाहिलं नाही, पण गाडी आमच्या समोरून वळली तेव्हा त्या दिसल्या. त्यांचे ओठ हलत होते.

"प्रार्थना करतायत," मी म्हणाले.

"नाय गो," आई म्हणाली. "त्येका ओ देतत."